मे आणि जानेवारीला विचारून झाड लावा

पावसाळा जवळ आला की या सदराच्या टपालात झाडांचेच प्रश्न जास्त असतात. ग्वाल्हेरच्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण त्यांतल्या बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी सुरू होते. रोप जुलैत नर्सरीत पाहिलं, आवडलं आणि आणलं. जुलैत सगळीच रोपं हिरवीगार असतात. आपल्याकडे झाडाची खरी परीक्षा दोनदा होते: मे-जूनच्या लूमध्ये, म्हणजे तापलेल्या कोरड्या वाऱ्यात, आणि जानेवारीच्या गारठ्यात. त्या दोन पंधरवड्यांत जे तगतं, ते उरलेलं वर्ष आपलं आपण काढतं.

ताई, मुलानं थाटीपूरला घर बांधलं. पुढचं अंगण दक्षिणेला आहे, वीसेक फूट रुंद. माझं माहेर गुहागरचं, त्यामुळे दारात माड असावा अशी फार इच्छा. दोनदा रोप आणलं, दोन्ही वेळा होळीपर्यंत वाळून गेलं. खत कमी पडतं का?

खत कमी पडलं नाही आणि तुमची निगाही कमी पडली नाही. इथली हवा माडाची नाही, एवढंच. कोकणात थंडीत गारवा येतो, गारठा येत नाही. शिवाय समुद्रामुळे हवेत बारा महिने ओल असते. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीत काही रात्री पाच अंशांच्याही खाली उतरतो. माडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्याच्या गाभ्यात. आंबा किंवा लिंबू गारठ्यानं होरपळलं तर खालून नवी फूट येते. माडाचा कोंब गेला की झाड संपलं. त्यातून एखादा माड जगलाच, तरी कोरड्या लूमध्ये त्याला नारळ धरणं कठीण. तिसरं रोप आणू नका, असंच मी सांगेन.

मग काय लावायचं? अंगण दक्षिणेला आहे, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून, खालून चालतो. धुक्याच्या दिवसांत दुपारी दोन-तीन तास ऊन मिळालं तर त्याचं मोल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दक्षिणेला सदाहरित, दाट झाड लावलंत तर उन्हाळ्यात सावली मिळेल, पण हिवाळाभर अंगण ओलसर आणि गारठलेलं राहील. तिथं थंडीत पानं टाकणारं आणि होळीनंतर पालवणारं झाड हवं. तुमच्यासाठी मी बकाणनिंब सुचवते. इथल्या नर्सरीत ‘बकायन’ म्हणून मागा. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या उघड्या फांद्यांवर फक्त पिवळट फळांचे घोस असतात आणि ऊन सरळ ओसरीत येतं. मार्चमध्ये फिकट जांभळी, सुवासिक फुलं आणि नवी पालवी जवळजवळ एकदमच येतात. एप्रिलच्या मध्याला सावली तयार असते. गारठा आणि लू दोन्ही तो सोसतो आणि भराभर वाढतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. त्याची फळं विषारी आहेत, नातवंडं लहान असतील तर पडलेली फळं झाडून घ्या. आणि लाकूड ठिसूळ असतं, म्हणून भिंतीपासून दहा-बारा फूट दूर लावा, घरावर झुकणाऱ्या फांद्या वेळीच काढा.

आणि माहेरच्या आठवणीसाठी पूर्वेच्या कोपऱ्यात बकुळ लावा. तिला इकडे ‘मौलश्री’ म्हणतात. वाढ संथ असते, पण पान जाड आणि चिवट. दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेनं ती लू आणि थंडी दोन्ही काढते, तेव्हा ग्वाल्हेरातही काढेल. पहिले दोन-तीन हिवाळे मात्र रोप झाकायला हवं. ते कसं, हे पुढच्या एका उत्तरात आहे. पहाटे ओंजळभर फुलं वेचाल तेव्हा तो वास गुहागरचाच असेल.

आमची कॉलनी टेकडीच्या पायथ्याशी आहे. मागचा उतार नुसता दगड-मुरुमाचा. समितीत काहीजण गुलमोहर म्हणतात, काहीजण कोनोकार्पस. आपलं मत? (ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून)

दोन्हीला माझा विरोध आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं वरवर पसरतात आणि फांद्या कडकन मोडतात, उतारावर तर वादळात झाडच आडवं होतं. कोनोकार्पस भराभर हिरवा होतो, हे खरं. पण त्याच्या परागांचा श्वासाला त्रास होतो आणि मुळं पाण्याच्या नळांत, गटारांत शिरतात, अशा तक्रारी आल्या. २०२३ मध्ये गुजरात सरकारनं त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

तुमच्या उतारावर कोणतं झाड शोभतं याचं उत्तर शिवपुरीच्या रस्त्यावर आहे. माधव राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बघा. टेकड्याच्या टेकड्या राखाडी, मेल्यासारख्या दिसतात. ती करधई. जवळ जाऊन एक काडी हातात घ्या: बोटभर लांबीच्या पातळ फांद्या खाली झुकलेल्या, सालीवर फिकट चट्टे, पानाचा पत्ता नाही. मग आभाळ भरून येतं, हवा दमट होते, आणि नीट पाऊस पडायच्या आतच त्याच काड्यांवर नखाएवढी पानं फुटलेली दिसतात. हे झाड या दगडातच वाढलेलं आहे. त्याला तुमचं पाणी लागत नाही.

बियांपासून करधई करणं अवघड, कारण बहुतेक बिया पोकळ निघतात. म्हणून आधी उतार नीट तपासा. शेळ्या-गुरांनी सतत खाल्लेली करधई जमिनीसरशी पसरून राहते, लोकांना ती झुडूप वाटते. ती सापडली तर रोपांवर खर्च करू नका, कुंपणावर करा. चराई थांबली की तीच जुन्या मुळांवरून उभी राहते. जिथं काहीच नसेल तिथं पहिल्या पावसात खैर आणि पळस बियांपासूनच पेरा. सोटमूळ पहिल्या दिवसापासून दगडाच्या फटीत जातं, पिशवीतल्या रोपाला ते जमत नाही.

एक ठोकताळा सगळ्यांसाठीच. आपल्या भागातल्या जुन्या झाडांची पानं पाहा: कडुनिंब, चिंच, खैर, शिरीष. सगळ्यांच्या पर्णिका, म्हणजे पानातली एकेक पाती, लहान. लूमध्ये पानातून पाणी जितकं उडतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत, आणि मोठं, पातळ पान कडेनं करपायला लागतं. नर्सरीत हातभर पानाचं झाड आवडलं तर आधी मे महिना आठवा.

गल्ली अरुंद आहे, वरून विजेच्या तारा जातात. फुलझाड हवं.

कांचन लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि छाटणी सहन करतो. तारा उंच असतील तर बहावाही चालेल, भर लूमध्ये पिवळाधमक होतो. सप्तपर्णी नको. शरदात तिच्या वासानं अर्धी गल्ली डोकं धरून बसते आणि ती वाढून तारांत जाते.

शाळेत दरवर्षी ५ जूनला वृक्षारोपण होतं. पुढच्या वर्षी जाऊन पाहावं तर आळीच शिल्लक असतात. मी तिथं शिक्षिका आहे, काय बदलता येईल?

तारीख बदला. पर्यावरण दिनाबद्दल मला आदर आहे, पण ५ जून म्हणजे ग्वाल्हेरात ऐन लू. पाऊस इथं जूनच्या अखेरीस पोहोचतो. ५ जूनला मुलांकडून खड्डे खणून घ्या, तीन फूट लांब-रुंद-खोल, आणि ते तसेच तापू द्या. वाळवी आणि किडी कमी होतात. रोपं जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा.

रोप निवडताना उंचीवर भाळू नका. पिशवीचा तळ बघा. मुळं तळाशी गोल गुंडाळून जाड झाली असतील तर ते रोप पुढेही तसंच गुंडाळत जातं आणि पाच-सात वर्षांनी वाऱ्यात उपटतं. दोन फुटांचं, मोकळ्या मुळांचं रोप सहा फुटांच्या जुन्या रोपाला मागे टाकतं.

डिसेंबरमध्ये रोपाला तीन बाजूंनी वाळलेल्या गवताचा किंवा तुऱ्हाट्यांचा आडोसा करा, वरूनही झाका, आग्नेयेची बाजू मोकळी ठेवा म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि गारठा वाढतोय असं दिसलं की संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती रात्री कोरड्या मातीइतकी लवकर थंड होत नाही. कडुनिंब आणि चिंच मोठेपणी कणखर असतात, लहानपणी त्यांनाही गारठा बाधतो. हे काम मुलांना वाटून द्या, एका वर्गाला पाच रोपं.

मुंबईहून आलेल्या हापूसची कोय लावली, छान उगवली आहे. आंबे कधी येतील?

आले तरी ते हापूसचे नसतील, कोयीचं झाड आईसारखं निघत नाही. शिवाय हापूसला किनाऱ्याची दमट हवा मानवते. तुमचं रोप खुंट म्हणून वापरा आणि पावसाळ्यात माहितगार माळ्याकडून त्यावर लंगड्याचं किंवा दशहरीचं कलम बांधून घ्या. इकडच्या हवेला ते दोन्ही सरावलेले आहेत.