सोलर सेल लहान केलास? आधी कडा तपास
व्होल्टेज पडलं म्हणून लगेच थराच्या दर्जाला दोष देऊ नकोस. आधी परिमिती भागिले क्षेत्रफळ हा हिशोब मांड. 1 सेंमी बाजूच्या चौकोनी सेलला उत्तर 4 प्रति सेंमी, 1 मिमीला थेट 40. म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळामागे कडेची गळती दहापट. एकाच सब्सट्रेटवर (थर ज्यावर चढवतात त्या आधारावर) चार-पाच आकारांचे सेल काढ, अंधारातला करंट मोज. त्याची घनता (करंट भागिले क्षेत्रफळ) या गुणोत्तराबरोबर सरळ रेषेत चढली, तर चोर कडेलाच आहे. सीआयजीएस सेल (तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमच्या पातळ थराचा) सुईने स्क्राइब केला, म्हणजे ओरखडून वेगळा केला असशील तर सूक्ष्मदर्शकाखाली बघच. वरच्या झिंक ऑक्साइडचा चुरा कडेवरून घसरून खालच्या मॉलिब्डेनमला टेकलेला असू शकतो, आणि तोच शंट, म्हणजे करंट गळायची आडवाट. प्रकाशात मोजताना मात्र मास्क (फक्त सेलपुरतं उघडं ठेवणारं झाकण) लाव, नाहीतर कडेबाहेरून गोळा झालेला करंट तुला फसवेल.