पुरस्कार आणि गल्ला : तुलना सुरू करताना
पुरस्कार मिळवलेल्या आणि गल्ला जमवलेल्या चित्रपटांची तुलना करण्यासाठी आपण शंभर चित्रपटांची यादी केली आहे; ती तूर्त बाजूला ठेवून एकच जोडी निवडावी, एक पुरस्कारविजेता आणि एक गल्लाभरू चित्रपट. नवखे अभ्यासक सहसा वर्षात चुकतात: राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष धरले जाते, प्रदर्शनाचे नव्हे, म्हणूनच एप्रिल २०१६ मध्ये झळकलेल्या ‘सैराट’साठी रिंकू राजगुरू यांचा विशेष उल्लेख २०१५ च्या पुरस्कारांत सापडतो. जुना गल्ला आजच्या रुपयांशी ताडू नये, चित्रपट किती आठवडे चालला ते पाहावे. (मीही आरंभी कोटींच्याच मागे लागलो होतो.) शिवाय पुरस्कारविजेते आणि गल्लाभरू हे दोन गट वेगळेच असतात, असे गृहीत धरू नये, आपल्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने काढलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षभर चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. पहिली जोडी त्याच्यापासूनच जुळवावी.