गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलास?’ विचारू नका

मैत्री, माया, वाटून घेणं अशा विषयांवरच्या चित्रपुस्तकांबद्दल सातारा-सांगली भागातून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. खेळणं कुणाला देत नाही, मागितलं तर ढकलतो. म्हणून बोधकथांची सहा चित्रपुस्तकं आणली. आवडीनं ऐकतो, ‘वाटून खायचं’ हे तात्पर्यही बिनचूक सांगतो. वागणं मात्र तेच. पुस्तकं चुकली का? (एक आई, कराड)

पुस्तकांत थोडी गडबड असेल, पण जास्त गडबड गोष्टीनंतर विचारल्या जाणाऱ्या ‘काय शिकलास?’ या प्रश्नात आहे. तात्पर्य त्याला पाढ्यासारखं पाठ झालंय. आईला कोणतं उत्तर हवंय हे तो ओळखतो आणि देऊन मोकळा होतो.

आधी पुस्तकं तपासा. सहाही पुस्तकांत ससे-अस्वलंच असतील तर निदान दोन-तीन माणसांच्या मुलांची आणा. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे ऐकवली. माणसांची पात्रं असलेली गोष्ट ऐकल्यावर मुलांनी आपल्याजवळचे स्टिकर जास्त दिले. कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीनं तसं झालं नाही. प्राण्यांची पुस्तकं मजेसाठी ठेवाच. पण ‘हा तर माझ्यासारखाच’ असं वाटायला घर, अंगण, शाळा, भावंडं लागतात.

दुसरं, न देणाऱ्याची फजिती दाखवणारी गोष्ट बाजूला ठेवा. खरं बोलण्याबाबत २०१४ साली असाच एक अभ्यास झाला होता. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होणाऱ्या गोष्टींचा मुलांवर परिणाम दिसला नाही, खरं बोलणाऱ्याचं कौतुक होणाऱ्या गोष्टीचा दिसला. विषय वेगळा असला तरी पुस्तक निवडताना ही खूण धरायला हरकत नाही: चेंडू दिल्यामुळे खेळ रंगला, असं दाखवणारं पुस्तक घ्या. आणि देण्याआधी पात्राला जड गेलं पाहिजे. दुसऱ्याच पानावर हसत हसत सगळं देऊन टाकणारी मुलं तुमच्या मुलाच्या ओळखीची नाहीत.

आता वाचण्याबद्दल. पहिल्यांदा सलग वाचा, मध्ये काही विचारू नका. दुसऱ्या वेळी दोन, फार तर तीन पानांवर थांबा. ही पानं गोष्टीच्या शेवटची नकोत. चेहरा बदलतो ती हवीत. ‘हिला काय झालंय? तुला कशावरून वाटलं?’ एवढंच विचारा आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देतात. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात (२०१३) असं दिसलं, की जे पालक पुस्तक बघताना भावना स्वतः सांगण्याऐवजी मुलांकडून वदवून घेत होते, त्यांची मुलं मदत करण्यात आणि वाटून घेण्यात पुढे होती. मुलाला शब्द अपुरे पडले तर तुम्ही पुरवा. ‘राग आला’ आणि ‘वाईट वाटलं’ यांवर थांबू नका. हिरमुसली, रुसली, खट्टू झाली, ओशाळली हेही त्याला हवेत.

एक गोष्ट मात्र करू नका: ‘तूही काल असंच केलंस ना?’ या एका वाक्यानं पुस्तकाची छडी होते. भांडणानंतर लगेच ते पुस्तक काढणंही टाळा. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असतं, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगायला लागतं. त्याला वेळ द्या.

अंगणवाडीत २२ मुलं, पुस्तकं तीन, तीही लहान. मागच्यांना चित्र दिसत नाही, ढकलाढकली होते. नवीन घ्यायला पैसे नाहीत. (सेविका, जत तालुका)

बावीस जणांना एकदम वाचू नका. सात-आठ मुलांचा गट अर्धगोलात बसवा; बाकीची मदतनीस ताईंजवळ मातीकाम किंवा ठोकळ्यांवर. पुस्तक मांडीवर धरलं की चित्र छताकडे जातं. ते खांद्याशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि पान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापून वापरायलाही परवानगी आहे. भाषा मराठी आणि पातळी पहिली निवडा. छापण्याआधी मोठ्यानं वाचून बघा. काही अनुवाद जिभेवर अडखळतात. तशी वाक्यं आपल्या बोलीत सांगा.

मोठं पुस्तक स्वतः करता येतं आणि आमच्या मते तुमच्यासाठी तेच उत्तम. २२ × २८ इंची दोन कार्डशीट मधोमध कापा, १४ × २२ इंचांचे चार तुकडे होतील. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवा, मग दुमडा. नाहीतर घडी फाटते. चारही एकात एक घातले की १६ पानं झाली. घडीवर तीन भोकं पाडा. गोधडीचा जाड दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, बाहेरूनच सरळ खाली नेऊन तळच्या भोकातून आत आणि पुन्हा मधल्यातून बाहेर घ्या. बाहेरचा लांब टाका दोन टोकांच्या मध्ये धरून गाठ मारा. स्टेपलर नको, पिना गंजतात आणि बोटाला लागतात. शिवल्यावर पुढे आलेल्या आतल्या कडा कापून सारख्या करा.

चित्रांसाठी अंगणवाडीतलाच प्रसंग घ्या: आहाराच्या वेळी एकाची ताटली पालथी होते, पुढे काय? मजकूर लिहू नका. चेहरे मोठे काढा, मागची गर्दी वगळा.

तीन वर्षांची नात रोज तेच पुस्तक मागते. दुसरं वाचू का? (आजोबा, मिरज)

तेच वाचा, आजोबा. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की तिचं लक्ष चेहऱ्यांकडे आणि कोपऱ्यातल्या बारीकसारीक गोष्टींकडे जातं. आठवड्याभरानं वाक्य अर्धवट सोडा, ती पुरं करील. कंटाळून पान गाळू नका. तिला लगेच कळतं. दुसरं पुस्तक नुसतं शेजारी ठेवा.

चांगली मराठी चित्रपुस्तकं बघायला कुठं मिळतील? (वाई)

तुमच्या जवळच भिलार आहे, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर. मे २०१७ पासून तिथं घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्यही आहे. पावसाळा सोडून जा. विकत घेताना ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची यादी आधी बघा. दुकानात एकच परीक्षा करा: मजकुरावर हात ठेवायचा आणि नुसत्या चित्रावरून कुणाला काय वाटतंय ते कळतं का बघायचं. कळत नसेल तर परत ठेवा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पानाला एक-दोन वाक्यं पुरेत.

भावंडांच्या ओढाताणीत वाचनालयाचं पुस्तक फाटलं. चिकटपट्टी लावू का? (तासगाव)

नको. ती पिवळी पडते, गोंद बाजूला पसरून पानं एकमेकांना चिकटतात आणि पट्टी निघाली तरी डाग राहतो. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत खळ शिजवा. पारदर्शक दिसू लागली की उतरवा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे. मुलांच्या पुस्तकाला घालू नका. फाटलेल्या कडा जुळवा, पांढऱ्या पातळ पतंगी कागदाची बोटभर पट्टी खळ लावून बसवा. वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. गुळगुळीत कागदाला खळ अगदी कमी लावा, नाहीतर पान फुगतं.

खळ लावायचं काम दोघांना मिळून द्या: एकानं कडा धरायच्या, दुसऱ्यानं पट्टी बसवायची. कुणी फाडलं याची चौकशी तेव्हा नको. मात्र पुस्तक वाचनालयाचं असल्यानं दुरुस्तीआधी ग्रंथपालांना विचारा आणि विचारायला दोघांनाही बरोबर न्या.