अंतरिम पाळक म्हणून पहिल्यांदा जाताना

प्रेस्बिटेरियन चर्च यू.एस.ए. या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथात अंतरिम पाळकाची, म्हणजे जुने पाळक गेल्यावर नवे येईपर्यंत चर्च सांभाळणाऱ्याची, नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त 12 महिन्यांची असते. मुदत वाढवायला प्रेस्बिटेरीची, म्हणजे त्या भागातल्या चर्चेसच्या प्रशासक मंडळाची, मंजुरी लागते. करारात कामाचे तास, सुट्टी आणि सेशनचं (चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाचं) अध्यक्षपद कोणाकडे, हे लिहून घ्याच.

पहिले दोन महिने उपासनेचा क्रम बदलू नका. आधीचे पाळक गेल्याचं दुःख ताजं असतं, आणि मंडळी तो सगळा राग नव्या क्रमावर काढते. त्यापेक्षा सेशनवर निवडून आलेल्या वडिलांना (एल्डर्सना) एकेकटं भेटा, जुनी इतिवृत्तं वाचा, वर्गणीचे गेल्या पाच वर्षांचे आकडे मांडून बघा. कोणत्या वर्षी माणसं गळाली ते दिसलं, की भांडणाचं मूळ सापडतं.

सगळ्यात नाजूक प्रसंग अंत्यविधीचा. कुटुंबाला जुनेच पाळक हवे असतात. पण सेशनच्या अध्यक्षाच्या निमंत्रणाशिवाय त्यांनी सेवा करायची नाही, असा नियम आहे. अध्यक्ष तुम्ही असाल तर हा निरोप तुम्हीच प्रेमाने द्या, शोकाकुल घरावर ते ओझं नको.

पाळक-निवड समितीपासून मात्र पूर्ण लांब राहा. ‘तुम्हीच थांबा ना’ असा आग्रह होईल. त्यासाठी प्रेस्बिटेरीचं तीन-चतुर्थांश मत लागतं, आणि नुसत्या आशेनेसुद्धा तुमची जीभ बांधली जाते.