ड्युअल बूटमध्ये (एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू लिनक्स दोन्ही) उबुंटूतून विंडोजच्या फाइल्स दिसतात पण सेव्ह होत नाहीत, आणि विंडोजमधून उबुंटूच्या दिसतच नाहीत. काय करू?

डिस्क खराब-बिराब झाली असेल ही भीती आधी डोक्यातून काढा. डी ड्राइव्ह उघडतोय आणि सेव्ह करताना रीड-ओन्ली म्हणतोय, म्हणजे नव्वद टक्के हे फास्ट स्टार्टअपचं काम. विंडोज 8 पासून ही भानगड आहे, तुम्ही शट डाउन दाबता पण विंडोज पूर्ण बंद होतच नाही, पुढच्या वेळी पटकन चालू व्हावं म्हणून अर्धवट झोपतं आणि स्वतःची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं. अशा ड्राइव्हवर उबुंटू लिहायला नकार देतं आणि ते बरोबरच आहे, नाहीतर विंडोज उठल्यावर जुन्याच हिशोबाने लिहायला लागेल आणि तुमच्या फोल्डरची वाट लागेल.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, मग डावीकडे चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू. तिथे वर चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल अशी निळी ओळ असते, ती दाबल्याशिवाय खालची टिक हलतच नाही, लोक इथेच अडकतात. फास्ट स्टार्टअपची टिक काढा, सेव्ह करा, शट डाउन करा, झालं. आत्ता घाई असेल तर नुसतं रीस्टार्ट करून ग्रबमधून (चालू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा मेनू) उबुंटूत या, रीस्टार्टला विंडोज नीट बंद होतं.

हायबरनेशनची फाइल (विंडोजने झोपताना लिहून ठेवलेली अवस्था) उडवून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायची, म्हणजे जोडायची, कमांड नेटवर सापडेल, पण विंडोजमध्ये काही सेव्ह करायचं राहिलं असेल तर ते गेलंच म्हणून समजा. आणि ड्राइव्ह उघडताना पासवर्ड मागत असेल तर तो बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप, त्याची 48 आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा.

आता उलटी बाजू. उबुंटू डिस्कवर फाइल्स ठेवायला एक्स्ट4 नावाची पद्धत वापरतं, विंडोजला ती कळतच नाही, वर 'फॉरमॅट करायचं का' असंही विचारतं, तिथे चुकूनही हो म्हणू नका!! विंडोज 11 मध्ये डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) लिनक्सची डिस्क जोडता येते पण अख्खी डिस्कच द्यावी लागते, तुमचं दोन्ही एकाच एसएसडीवर असेल तर ते जमणार नाही. नुसतं वाचायचं असेल तर डिस्कइंटर्नल्सचं लिनक्स रीडर चालतं.

मी तर या फंदातच पडत नाही, कामाच्या फाइल्सना वेगळं एनटीएफएस पार्टिशन (विंडोजच्या पद्धतीचा डिस्कचा वेगळा भाग) ठेवलंय, दोन्हीकडून तेच वापरतो. फक्त उबुंटूतून नाव देताना त्यात कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका, विंडोजमध्ये ती फाइल उघडत नाही.