काकांना दाखवलं, मग मला का नाही?

ताई, सप्रेम सलाम. मी २७ वर्षांची, खडकीत राहते, नर्स आहे. रविवारी आमच्या जुन्या चर्चमध्ये जाते, पण वर्षभरापासून दर शुक्रवारी पिंपळे गुरवला एका घरच्या प्रार्थनेलाही जाते. तिथल्या काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की सोलापूरचं स्थळ नाकारून मी संगतीतल्याच एका ‘भावाशी’, म्हणजे त्या प्रार्थनेला येणाऱ्याच एका मुलाशी, लग्न करावं असं प्रभूने त्यांना दाखवलंय. उपासप्रार्थना संपेपर्यंत उत्तर द्यायचंय. घरी किंवा पाळकसाहेबांना विचारायचं नाही, शंका सैतान घालतो म्हणे. आईच्या आजाराबद्दल काका बोलले ते खरं ठरलं होतं. पण मला शांती वाटत नाही. मी पवित्र आत्म्याला विरोध करतेय का? पारख वाढवायची कशी?
— गोंधळलेली

सप्रेम सलाम.

विरोध वगैरे काही करत नाहीयेस. संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा, या दोन्ही गोष्टी बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना एका दमात लिहिल्या आहेत. करिंथच्या मंडळीला तर तो सांगतो की दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा. काका नेमकी हीच पायरी गाळायला सांगताहेत. त्यांचा हेतू मला ठाऊक नाही, पण ‘कोणाला विचारू नकोस’ ही अट मला मुळीच पसंत नाही.

आईच्या आजाराचं म्हणशील, तर आधी आठवून बघ, शुक्रवारी प्रार्थनेचे विषय सांगताना तूच ते कधी बोलली नव्हतीस ना? नसशील बोलली, तरी बायबलमधला १ राजे, अध्याय १३ उघड. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा होती, बेथेलमध्ये काही खायचं-प्यायचं नाही. तिथला म्हातारा संदेष्टा म्हणाला, ‘मलाही देवदूताने सांगितलंय, घरी जेवायला चल.’ ते खोटं होतं. हा गेला, जेवला आणि परतताना सिंहाने त्याला मारलं. मला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच म्हाताऱ्याच्या तोंडून, त्याच जेवणावर, देवाचं खरं वचनही आलं. एका माणसाकडून दोन्ही येऊ शकतं. म्हणून मागचं खरं ठरलं, एवढ्यावर पुढचं गिळायचं नसतं.

‘शांती नाही’ हेही माप पुरेसं नाही, बाई. योना देवापासून पळताना तारवात गाढ झोपला होता, आणि प्रभू येशू वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आज्ञा पाळताना कासावीस झाला होता.

आपल्या पुण्याशी नातं असलेल्या पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोनच वर्षांनी त्यांनी तिथल्या सिस्टरना, म्हणजे मठातल्या जोगिणींना, कळवलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेय, आता दुसऱ्यांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मानणार नाही. याच बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. प्रश्न विचारल्याने त्यांच्या दारातून आत्मा परत गेला नाही.

पारख वाढते ती सरावाने. इब्री ५:१४ तेच सांगतं. हा सराव लग्नासारख्या मोठ्या निर्णयावर सुरू करायचा नसतो. कोणीही वचन सांगितलं की घरी येऊन तो अख्खा अध्याय वाच, अगदी तुमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं तरी. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासलं होतं. ‘प्रभूने मला सुचवलं’ असं वाटेल ते तारखेसकट वहीत लिही आणि काही महिन्यांनी उघडून बघ. आपली भीती, आपली हौस आणि त्याची वाणी हळूहळू वेगळी ओळखू येते. माझ्या वहीत हौसच जास्त निघते.

आता या शुक्रवारचं. काकांना नम्रपणे सांग, ‘मी आईशी आणि पाळकसाहेबांशी बोलणार आहे, मुदत मला मान्य नाही.’ ते ‘जरूर बोल’ म्हणाले तर प्रार्थनेला जात राहा. शापाची भाषा आली तर चप्पल घालून निघ, आणि शक्यतो मैत्रिणीलाही सोबत घेऊन निघ. त्या भावाला एकदा सरळ विचार, त्याला स्वतःला हे लग्न हवंय का. तुझ्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही.

आणि काकांना नकार म्हणजे सोलापूरला होकार, असं समजू नकोस. त्या मुलालाही दोनदा-तीनदा नीट भेट. चर्चला जातो एवढ्यावर भुलू नकोस. घरात कसा बोलतो, पैशाचं काय करतो, तुझ्या रात्रपाळ्यांबद्दल काय म्हणतो, ते विचार.