जुन्या लोखंडी रेल्वेपुलांच्या रचनेत विशेष ते काय, आणि गाडी बंद झाल्यावर ते का जपायचे?

आपला प्रश्न असा आहे की, जुन्या ट्रस, म्हणजे पट्ट्या व सळया जोडून केलेल्या कैचीसारख्या सांगाड्याच्या, रेल्वेपुलांत पाहण्यासारखे काय असते आणि वाहतूक थांबल्यावर ते भंगारात न काढता राखण्यात काय अर्थ आहे. मी स्थापत्य अभियंता असून काही वर्षे अमेरिकेतील मेरीलँड राज्यात राहतो, त्यामुळे तेथील सॅव्हेज गावच्या बोलमन पुलाच्या आधारे उत्तर देतो.

वेंडेल बोलमन हा सुतारकामातून वर आलेला, स्वतःच शिकलेला अभियंता बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत काम करीत होता. लाकडी पूल कुजत आणि पेटत, म्हणून त्याने संपूर्ण लोखंडी पुलाची रचना केली आणि १८५२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आपल्याकडे छपराच्या कैचीत खालची आडवी पट्टी ताण घेते. बोलमनच्या पुलाला अशा पट्टीची गरजच नाही. प्रत्येक आडव्या तुळईपासून दोन तिरप्या सळया निघतात आणि पुलाच्या दोन टोकांच्या खांबांच्या माथ्यांपर्यंत थेट जातात, तर त्या माथ्यांना एकमेकांकडे ओढले जाण्यापासून वरचा आडवा नळकांडीवजा भाग रोखतो. दाब सोसणारे भाग बिडाचे आणि ताण सोसणारे घडीव लोखंडाचे, कारण बीड ताणाखाली तडकते. एक सळई तुटली, तरी तिच्याबरोबर सगळा पूल कोसळत नाही, हे या रचनेचे खरे बळ होय.

तिचा दोषही त्याच सळयांत आहे. मधली तुळई सोडली, तर बाकी प्रत्येक तुळईची एक सळई आखूड आणि दुसरी लांब असते, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही सारख्या वाढत नाहीत, भाराची वाटणी बदलते आणि ताण वारंवार जुळवावा लागतो. इंजिने जड होत गेली, तसे हे पूल मागे पडले.

सॅव्हेजचा पूल १८६९ चा. तो प्रथम मुख्य मार्गावर होता. १८८७ मध्ये सुटा करून लिटल पटक्संट नदीवर, शिडांचे कापड विणणाऱ्या गिरणीच्या फाट्यावर पुन्हा उभारला. दोन गाळे मिळून लांबी सुमारे १६० फूट. माझ्या मते तो वाचला तो या बिनमहत्त्वाच्या जागेमुळेच, कारण हार्पर्स फेरी येथील बोलमन पूल १९३६ च्या पुरात वाहून गेला आणि आज या पद्धतीचा रेल्वेपूल म्हणून सॅव्हेजचा एवढाच उरला आहे. १९६६ मध्ये अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्स संस्थेने तो आपले पहिले ऐतिहासिक स्थापत्य स्मारक ठरवला. आता त्यावरून माणसे चालतात.

जतन करताना फळ्या बदलल्या तरी बिघडत नाही, त्या झिजण्यासाठीच असतात. मात्र तडकलेल्या बिडावर सरसकट वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने शेजारी नव्या भेगा पडतात. पुलाखाली पोलादी आधार देऊन भार काढून घेण्याचा सोपा मार्गही मला पटत नाही, कारण मग सळया केवळ शोभेच्या उरतात आणि भार कुठून कुठे जातो हे पाहणाऱ्याला पुलावरून वाचता येत नाही.